क्लीनर साइडचं पुढचं चाक

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून फोंड्यात मला 18 वर्षं झाली. अपघाताच्या जागी आम्ही पोचतो तोवर जखमींना हलवलेलं असतं, गर्दी पांगत आलेली असते आणि कुणीतरी कारण सांगून मोकळं झालेलं असतं. ट्रक असला की कारणं दोनच: 'ब्रेक फेल' नाहीतर 'ओव्हरटेक करायला गेला'. बोरीच्या उतारावरच्या त्या ट्रकबद्दल मला दोन्ही ऐकवली गेली, तीही एकाच चहाच्या टपरीवर. तेव्हापासून ती केस डोक्यातून जात नाही.

जूनचा दुसरा आठवडा होता. पहाटेपासून सर धरून होती. दोडामार्गकडून जांभ्या दगडाचे चिरे भरून निघालेला सहाचाकी ट्रक डिचोली, उसगाव, खांडेपार, फोंडा असा येऊन लोटलीच्या बाजूला एका घराच्या कामावर चालला होता. बोरीचा पूल यायच्या आधी, उतारावरच्या वळणावर, तो डावी बाजू सोडून समोरच्या बाजूला गेला आणि पुलाकडून वर येणाऱ्या स्कूटरला घेऊन गटारात घुसला. स्कूटरवर वीसेक वर्षांची मुलगी होती. बेतोड्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला निघालेली. हेल्मेट होतं, म्हणून ती आज आहे. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

मी पोचलो तेव्हा 108 तिला घेऊन बांबोळीला गेली होती. रस्त्यावर चिऱ्यांचा खच पडलेला आणि पाण्याला चिऱ्यांचा लाल रंग. ओल्या रस्त्यावर चाकांच्या खुणा टिकत नाहीत, त्यामुळे ट्रक कुठून वाकडा झाला हे डांबरावरून वाचता येत नव्हतं. क्रेनवाल्यानं ट्रक हातभर मागे ओढलाच होता. पंचनाम्यात 'गिअर न्यूट्रलमध्ये आढळला' असं आलं आणि त्यावरून ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरत होता, असं ठरलंही. आता ट्रक ओढायचा तर क्रेनवाला आधी न्यूट्रलच करणार! मी त्याला विचारलं, गिअर तू काढलास का? म्हणाला, आठवत नाही, रोज इतक्या गाड्या ओढतो. यापुढे या मुद्द्याचं काहीच होऊ शकलं नाही. मी आधी पोचायला हवं होतं.

गावातल्या लोकांचं म्हणणं होतं की पुढे एक खाजगी बस होती, तिला ओव्हरटेक करायला ट्रक बाहेर आला. बस होती हे खरं. वळणावरच हात दाखवलेल्या माणसाला घ्यायला ती थांबली होती. पण माणूस चढला, बस गेली, आणि तिचा नंबर कुणी घेतला नाही. पंधरा जणांच्या फोनमध्ये त्या मुलीचा व्हिडिओ होता. बसचा नंबर एकाच्याही फोनमध्ये नव्हता. याची चीड मला अजून येते.

लोकांना वाटतं, ट्रकचे अपघात भरधाव वेगानं होतात. माझ्या डायऱ्या चाळल्या तर वेगळं दिसतं. पहाटे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीबाहेर टेललाइट न लावता उभा केलेला ट्रक आणि त्याच्या मागे घुसलेला दुचाकीवाला. मागच्या लाल परावर्तक पट्टीवर चिखलाचा थर, आणि दुचाकी आत जाऊ नये म्हणून मागे जी आडवी पट्टी असते, ती माल उतरवताना अडते म्हणून वर वाकवलेली. कुठ्ठाळीचा उतार, फर्मागुढीचा उतार, अनमोडचा घाट उतरून मोल्याला पोचलेली, ब्रेकचे ड्रम तापून वास मारणारी गाडी. डोक्यावरची विजेची तार न बघता हौदा उचललेला टिपर. पहिल्या पावसाचे आठ दिवस, जेव्हा सहा महिन्यांची धूळ आणि तेल मिळून रस्त्यावर साबण होतो. यातल्या बहुतेक ठिकाणी काटा चाळिसाच्या आतच असतो. बोरीलाही बंपर आणि रेडिएटर जेवढे आत गेले होते, त्यावरून मी पस्तिसाच्या वर जाणार नाही.

मग मी चिरे मोजले. फुटके-तुटके धरून 300. ड्रायव्हरच्या पावतीवरही 300. चिऱ्यांचा सगळा व्यवहार नगावर चालतो. खाणीवर नग, कामावर नग, भाडं खेपेवर. वजन कुठंच येत नाही. आणि विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारते. माझ्या डिकीत मासळीवाले वापरतात तसला लटकता काटा असतो. सुंभाच्या फासात एकेक चिरा अडकवून, हवालदाराला छत्री धरायला सांगून, मी दहा चिरे तोलले. सरासरी 36.4 किलो. गुणिले 300, म्हणजे 10,920. आरसी बुकाप्रमाणे ट्रकची क्षमता 10,000 किलो. 920 किलो जास्त भरले.

तिथं थांबायला हरकत नव्हती. पण जांभा कसा पाणी पितो, हे कोकण-गोव्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोरडा चिरा पाण्यात टाकला की बुडबुडे येत राहतात. मी पोलिसांना विचारून दोन चिरे घरी आणले आणि न्हाणीघरात, आई पाणी तापवते त्या चुलीशेजारी ठेवले. जूनमध्ये दुसरीकडे काही सुकत नाही. पाच दिवसांनी तोलले, तर दोन्ही 32.6 च्या आसपास. म्हणजे तेच 300 चिरे कोरडे असते, तर 9,780 किलो. क्षमतेपेक्षा 220 किलो कमी.

ड्रायव्हरनं मे महिन्यात भरले तेवढेच नग भरले होते. जास्तीचं वजन पावसानं भरलं. उघड्यावर रचलेली रास दोन रात्री भिजली आणि त्याच्या ट्रकवर टनभर पाणी चढलं. कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 आहेत, पण आधी कुणीतरी काट्यावर घालायला हवं ना. नगावरच्या धंद्यात काट्यावर कोण जातं?

आता खरी गोष्ट. ट्रक गॅरेजला आल्यावर मी चाकं उघडायला लावली. तीन ड्रम आतून निळसर पडले होते. लोखंड तापलं की असा रंग येतो. चौथा, पुढच्या एक्सलवरचा क्लीनर साइडचा, म्हणजे डावीकडचा, आतून मळकट आणि थंडच राहिलेला. लायनर जाड, जवळजवळ न झिजलेलं. ते चाक बरेच दिवस ब्रेक धरत नव्हतं. मी खाली सरपटत जाऊन टॉर्च मारली. ब्रेक चेंबरकडे, म्हणजे हवेच्या दाबानं चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या डब्याकडे, जाणारा हवेचा पाइप काढून टाकलेला, आणि तोंडाला नट आवळलेला. नटाच्या आत बेअरिंगचा छर्रा, हवा सुटू नये म्हणून. नट नवा होता, पाना लागल्याच्या कडा चकाकत होत्या. मी आठ फोटो काढले, एकात माझं घड्याळ धरून.

ही युक्ती सगळ्या मेस्तांना, म्हणजे मेकॅनिकांना, माहीत आहे. चेंबरमधला रबरी डायफ्राम फाटला की हवा गळते, टाकीतला दाब पडतो, आणि दाब फार पडला की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळून गाडी जागच्या जागी अडते. मग त्या चाकाची लाइन बंद करतात. बाकीची तीन चाकं धरतात, गाडी चालते. डायफ्राम काही शे रुपयांची वस्तू.

पण पुढच्या एक्सलवर फक्त ड्रायव्हर साइडचं चाक ब्रेक धरतं, तेव्हा जोरात ब्रेक मारला की ट्रक उजवीकडे खेचला जातो. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. वळणावर बस थांबली, यानं ब्रेक दाबला, वर टनभर पाणी, खाली ओला उतार. बघणाऱ्याला तो ओव्हरटेकच दिसणार.

ड्रायव्हर सावंतवाडीकडचा, पस्तिशीतला. जामिनावर सुटल्यावर तो मला भेटला. मी काही सांगायच्या आधी म्हणाला, "साहेब, ब्रेक मारला आणि स्टेअरिंगानं हात ओढला. मी ओढलं नाय."

मी विचारलं, "पाइप बंद केलाय हे ठाऊक होतं?"

बराच वेळ तो खाली बघत राहिला. "मेस्त म्हणाला, दोन दिवसांत पार्ट येतो, तोवर हळू चालव. मी पात्रांवाला, मालकाला सांगितलं होतं. आणि हळूच चालवत होतो."

त्याला ठाऊक होतं. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी तो पहाटे तीनला उठून दुसरी खेप घेऊन निघाला होता. मोटार वाहतूक कामगारांसाठी नोव्हेंबर 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तासांचा. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसापर्यंत तो पोचलेला मी एकदाही पाहिला नाही.

पात्रांवालाही मी सहज दोषी ठरवू शकत नाही. एका ट्रकचा मालक. 2011 मध्ये कर्ज काढून खनिजासाठी ट्रक घेतला. 2012 मध्ये खाणी बंद. पुन्हा सुरू झाल्या, तर मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं परत बंद. डिचोली, सत्तरी, सांगे, केप्यात असे ट्रक माडाखाली वर्षानुवर्षं उभे होते. उभ्या गाडीचं रबर सुकतं आणि तडकतं. तसाच तडकलेला डायफ्राम घेऊन हा चिऱ्यांच्या धंद्यात आला. पण नऊ दिवस, काही शे रुपये! ही गोष्ट मी त्याच्या तोंडावर बोललो. तो रडला. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही गेला नाही.

सरकारी निरीक्षक ट्रक तपासायला आले, ते माझ्यानंतर चार दिवसांनी. तोवर मेस्तानं नवा डायफ्राम घालून पाइप जोडला होता. त्यांनी आवारात गाडी दहा पावलं चालवली, थांबवली आणि 'ब्रेक कार्यक्षम' लिहिलं. चाक उघडलं नाही. नवा पाइप काळाभोर, शेजारचे सगळे लाल मातीनं माखलेले, हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

माझ्या फॉर्मवर 'अपघाताचे कारण' या रकान्याला दोन ओळी आहेत. मी दोन पानं जोडली, फोटोंसह. चिरे ओले आणि कोरडे, दोन्ही वजनं दिली. कंपनीतून फोन आला की सरकारी अहवालाच्या विरुद्ध गेलं तर प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळेल. जादा वजन स्पष्ट आहे, तेवढं पुरे. जादा वजनाला दावा 'नॉन-स्टँडर्ड' धरून मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देण्याची जुनी रीत आहे. तसा तो निकाली निघाला. मालकाचे 25 टक्के गेले ते माझ्या काट्यामुळे. नट पुरवणीत राहिला.

त्या मुलीचा दावा न्यायाधिकरणात वेगळा चालेल. तिला भरपाई मिळेल असं मला वाटतं. तिथं कारण काय निघतं, यावर तिचा पाय अवलंबून नाही. ड्रायव्हरचं तसं नाही. त्याच्यावर हयगयीनं, भरधाव वाहन चालवल्याचा गुन्हा आहे आणि कागदावर ब्रेक चांगले आहेत. तो फोटो कोर्टात आला तर त्याचं म्हणणं खरं ठरेल, पण त्याला ठाऊक होतं हेही बाहेर येईल. मालक तर पुरता बुडेल. मिळालेले 75 टक्केही परत मागितले जातील. आणि माझा अहवाल कंपनीचा आहे, माझा नाही.

गेल्या आठवड्यात त्याच वेळेला मी बोरीला जाऊन तासभर उभा राहिलो. चार बसगाड्या त्याच वळणावर थांबल्या.

काल रात्री ड्रायव्हरचा फोन आला. आवाजाच्या मागे पाऊस ऐकू येत होता. म्हणाला, "साहेब, तो नटाचा फोटो तुमच्याकडे आहे ना अजून?"

आहे, म्हटलं. तारीख काय लागली ते विचारून घेतलं.