तुम्ही विचारलंत म्हणून: बिनहळदीच्या खिम्याबद्दल

"वहिनी, हळदसुद्धा नाही? मग मटणाला वास येत नाही?"

प्रश्न केफ्तेदेसबद्दल असतो. ग्रीक लोक खिम्याचे छोटे गोळे तळतात, ते केफ्तेदेस. आमच्याकडे कुणी जेवायला येणार असलं की मी हमखास करते. पाहुणे आधी एक गोळा मोडून बघतात, आत ना लाल रंग ना पिवळा, आणि मग हा प्रश्न येतो. शेजारणींनी विचारलाय, चुलत सासऱ्यांनी विचारलाय, आमच्या खाटिकानंही विचारलाय. तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

विचारणाऱ्यांचं तसं काही चुकत नाही. आपण सांगलीत राहतो. हळदीच्या सौद्यांनी या गावाचं नाव देशभर नेलं, हरिपुरात जमिनीत पेवं खणून हळद साठवायची रीत होती, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथं मटण घरात आलं की आधी त्याला हळद-मीठ लागतं, बाकीचं सगळं नंतर. सासूबाईंनी माझा तो पांढरट खिमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या, "अगं, चिमूटभर तरी टाक, लोक काय म्हणतील!" आता त्या आवडीनं मागून घेतात, पण हळदीबद्दलचं त्यांचं मत जिथल्या तिथं आहे.

मी ग्रीस पाहिलेलं नाही. माझा धाकटा भाऊ व्यापारी जहाजावर असतो. पिरिअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जहाज लागलं की तो हे खाऊन यायचा आणि सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरात बसून वर्णन करायचा. कांदा चिरलेला नसतो, किसलेला असतो. पुदिना असतो. सोबत दह्याचं काहीतरी घट्ट असतं. बाकीचं मी वाचून आणि करून जमवलं. तिकडं गाय, डुक्कर, मेंढी असं मांस वापरतात, कधी दोन प्रकार मिसळून. आपल्याकडे बोकड. त्यामुळं माझे गोळे ग्रीक धर्तीचे आहेत, अस्सल असल्याचा दावा नाही.

आता वासाचं. बोकडाच्या मटणाला जो विशिष्ट वास असतो तो मुख्यतः चरबीतून येतो, आणि जनावर जितकं जून तितका तो उग्र. त्यात मटण शिळं असेल तर बघायलाच नको. कांदा-लसूण मसाला या सगळ्यावर पांघरूण घालतो, म्हणून आपण रश्श्याचं मटण घेताना फारशी चिकित्सा करत नाही. मसाला काढून घेतला की लपायला जागा उरत नाही. म्हणजे वास येतो की नाही हे माझ्याआधी खाटिकाच्या हातात असतं.

अडचण अशी, की ज्या चरबीत तो वास, तिच्याशिवाय गोळे कोरडे ठणठणीत होतात. बोकडाचं मांस मुळात चरबीला कमी. नुसता लाल खिमा घेतलात तर तळून झाल्यावर तो दातांत रबरासारखा फिरतो. म्हणून मी कोवळ्या बोकडाचं खांद्याचं मटण घेते, सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या, आणि त्याच बोकडाची चरबी मागून घेते. अर्धा किलोत साधारण ७५ ते १०० ग्रॅम चरबी धरायची. मशीन माझ्यासमोर धुवायला लावते, कारण आदल्या गिऱ्हाइकाचं काय त्यात अडकलंय कुणास ठाऊक. खाटीक तोंड वाकडं करतो, पण धुतो. खिमा एकदाच काढायचा. दोनदा काढला की त्याची पेस्ट होते आणि गोळा आतून वडीसारखा गच्च लागतो. खिमा धुवायचा नाही, पाणी धरून बसतो. धुवायचं ते अख्खं मटण, आणि तेही पुसून कोरडं करून मग मशीनमध्ये.

घरी आणल्यावर अर्धा किलो खिम्याला एक मोठा कांदा किसून घालते. किसल्यावर सुटलेलं पाणी हलक्या हातानं पिळून टाकते, नाहीतर मिश्रण सैल होतं. चार-पाच लसूण पाकळ्या, एक अंडं, चमचाभर मीठ, मिरपूड, आणि दोन शिळे पाव. पावाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण लोकांना वाटतं तो फक्त भर घालायला आहे, काटकसर आहे. गरिबीच्या दिवसांत तसं असेलही. पण पाव नसेल तर गोळा मऊ होत नाही. मांस तापलं की आक्रसतं आणि आपलं पाणी बाहेर ढकलतं. भिजवलेला पाव ते पाणी धरून ठेवतो, शिवाय मांसाच्या कणांमध्ये बसून त्यांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. बेकरीतला लादीपाव आदल्या दिवशीचा घ्या, वरचा तांबूस पापुद्रा काढा, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात भिजवा आणि पिळा. ग्रीसमध्ये कुणी वाइनमध्ये भिजवतं, कुणी बडीशेपेच्या वासाच्या ऊझो नावाच्या दारूत. आमच्या घरी व्हिनेगरवर भागतं, आणि वासाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या व्हिनेगरमध्ये आहे.

उरलेलं निम्मं पुदिन्यात. मूठभर ताजा, बारीक चिरलेला, किंवा वाळवून चुरलेला चमचाभर. ओरेगॅनो मात्र वाळलेलाच बरा, ग्रीक लोकही तो वाळवूनच वापरतात. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या तुमच्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतीलच, त्या इथं सत्कारणी लावा. अगदीच नसेल तर ओवा तळहातावर चोळून घाला, पण जपून, पाव चमच्याच्या वर गेलात की पोटदुखीवरचं औषध खाल्ल्यासारखं वाटतं. ओव्यात थायमॉल असतं आणि ते ओरेगॅनोतही थोडंफार सापडतं, म्हणून ही अदलाबदल चालते. कोथिंबीर घालू नका. तिकडं पार्सली घालतात आणि आपल्याला वाटतं कोथिंबीर तिचीच बहीण. पण कोथिंबीर पडली की त्याचा शामी कबाब व्हायला लागतो. शामी कबाबाशी माझं भांडण नाही, त्याचा दिवस वेगळा.

मग मळायचं. मीठ घातलेला खिमा तीन-चार मिनिटं मळला की हाताला चिकटायला लागतो, मिठानं मांसातली प्रथिनं सुटून वर येतात आणि तीच पुढं गोळा धरून ठेवतात. "माझे गोळे कढईत फुटतात" म्हणणाऱ्या बहुतेक जणी इथं घाई करतात आणि मग वरून बेसन ओततात. बेसनाची गरज नाही. मिश्रण झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, चरबी घट्ट होऊ द्या. मग एक चपटा तुकडा तळून मीठ बघा, कच्चा खिमा चाखून बघायची गोष्ट नाही. हात ओले करून लिंबापेक्षा लहान गोळे वळायचे, कोरड्या मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटकायचा आणि मध्यम आचेवर, बोटभर तेलात, सगळीकडून तांबूस होईपर्यंत तळायचे. एक कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. ऑलिव्ह तेलात तळायचं का, असं विचारतात. ग्रीक लोक तळतात, त्यांच्याकडे ते पिकतं. आपल्याकडे शेंगतेल पिकतं.

सोबतची त्झात्झिकी ही तर आपल्या घरचीच गोष्ट. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायची, त्यात चक्का, ठेचलेला लसूण, थोडं व्हिनेगर, आणि वरून बारीक चिरलेला शेपू. होय, शेपूच. ज्या भाजीला घरातली पोरं नाकं मुरडतात ती दह्यात एवढीशी गेली की वाटी चाटूनपुसून साफ होते. इथं मात्र चमचाभर ऑलिव्ह तेल कच्चं घाला, कारण इथं त्याची चव कळते. मॉलमधलं महागडं ग्रीक योगर्ट आणू नका. ग्रीसमध्ये जुन्या पद्धतीचं दही मेंढीच्या दुधाचं, आणि मेंढीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ दुप्पट स्निग्धांश. आपलं म्हशीचं दूध त्याच्याच जवळचं. तेव्हा डेअरीतला ताजा, न आंबलेला चक्का त्या डब्यापेक्षा सरस. फक्त श्रीखंडाच्या दिवसांत, पाडव्याला नि दसऱ्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर मिळायचा नाही.

इतकं सांगूनही काही जणांना मसाल्याशिवाय करमत नाही. त्यांच्यासाठी सुत्झुकाकिया आहेत. स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर, तिथल्या ग्रीकांचा हा प्रकार. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ते शहर जळालं, पुढच्या वर्षी लोझानच्या करारानं दोन्ही देशांनी लोकांची अदलाबदल केली आणि सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसं घरदार सोडून ग्रीसमध्ये आली. त्यांच्याबरोबर जिरं घातलेला खिमा आला. गोळे लांबट वळायचे, चांगलं चमचाभर भाजलेलं जिरं आणि दुप्पट लसूण घालायचा, तळून टोमॅटोच्या दाटसर रश्श्यात सोडायचे आणि भाताबरोबर वाढायचे. चुलत सासरे हे खातात आणि म्हणतात, "हां, आता कसं!"

स्मिर्ना बेदाण्याचं बंदर होतं, हे कळल्यावर मला ते गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं. तिथली सुलताना द्राक्षं आणि आपल्या तासगावकडची थॉमसन सीडलेस हे एकच वाण. बेदाण्यासाठी रॅकवर सुकत टाकण्याआधी आपल्याकडे द्राक्षांचे घड लवकर वाळावेत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल नावाचं तेल घातलेल्या पाण्यात बुडवतात. भूमध्य समुद्राकाठी याच कामाला पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल वापरायचे. केफ्तेदेसशी याचा संबंध नाही, पण सांगलीकराला बेदाण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

श्रावणात काय करता, हाही प्रश्न असतोच. ग्रीक लोकांचे उपास आपल्यापेक्षा कडक. ईस्टरआधी सलग काही आठवडे मांस, अंडी, दूध काही नाही. त्यामुळं बिनमांसाच्या केफ्तेदेसची त्यांना चांगली सवय. सांतोरिनी बेटावर टोमॅटोचे करतात: पिकलेले टोमॅटो बारीक चिरून, कांदा, पुदिना, मीठ, आणि मिळून येईल इतकंच पीठ. चमच्यानं तेलात सोडायचे. पाणी अजिबात घालू नका, टोमॅटोचं सुटलेलं पुरतं. कांद्यामुळं कडक चातुर्मास पाळणाऱ्यांना चालत नाहीत, बाकीच्यांनी करून बघायला हरकत नाही.

एअर फ्रायरमध्ये होतात का? होतात, वरून तेलाचा हात फिरवून. पण कढईतलं ते कुरकुरीत कवच येत नाही, आणि बोकडाचा खिमा कोरडा पडायला निमित्तच शोधत असतो. डॉक्टरांनी तळण बंद केलं असेल तर करा तसे. पाव अडीच घ्या, गोळे जरा मोठे वळा आणि त्झात्झिकी सढळ हातानं वाढा.