काचेखालचा तक्ता

कोर्टात नोकरी म्हटलं की लोक आधी धरून चालतात वकील असणार, नाही म्हटलं की स्टेनो, आणि मी ट्रेनिंग देते म्हटलं की डोळे मोठे करून, अगो बाई, जजना? नाही हो. जजांचं ट्रेनिंग भाईंदरजवळ उत्तनला, महाराष्ट्राच्या ज्युडिशियल अकादमीत, आमचे गोव्याचे जजसुद्धा तिथेच जातात कारण आमचं हायकोर्ट मुंबईचं, पर्वरीला त्याचं खंडपीठ. माझ्या वर्गात बसतात ते एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून, यूडीसी म्हणजे वरिष्ठ कारकून, नोटिसा पोचवणारे बेलीफ, कोर्टाचे पैसे सांभाळणारे नाझर, म्हणजे ज्यांच्या हातून फाइल खरी हलते ते.

मी काही शिकवायचं शिकून आले नव्हते. फाइलिंग काउंटरला होते, कोर्टात कॉम्प्युटरवर विंडोज जाऊन उबुंटू आलं तेव्हा सगळे म्हणाले आता वर्ड कुठे गेलं आणि मी तेवढी चार बटणं दाबून बघितली, एवढ्या भांडवलावर मला मास्टर ट्रेनर केलं. मग सीआयएस, म्हणजे ज्यात प्रत्येक केस चढते ते सॉफ्टवेअर, त्यातली एन्ट्री, सीएनआर म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख नंबर, रोजनामा म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद, ई-फाइलिंग असं एकेक वाढत गेलं. वर्ग बहुतेक शनिवारी. सकाळचं सत्र बरं जातं, दुपारी शीत-कडी आणि तळलेला बांगडा पोटात गेल्यावर सीआयएसचा स्क्रीन दाखवणं हा अत्याचार आहे, दोघांवरही.

सॉफ्टवेअर सगळ्या देशाला एकच, पण गोव्याचं आपलं काहीतरी वेगळं असतंच. नवीन लागलेला एक मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो, मॅडम, इन्व्हेंटरी म्हणजे सामानाची यादी ना? हसले सगळे, पण त्याचं काय चुकलं, शब्दाचा अर्थ तोच. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेली, गेलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या वाटणीची जी पद्धत तिला इन्व्हेंटरी म्हणतात, आता २०१२ च्या कायद्याने चालते, त्यात नवरा किंवा बायको गेली तर उरलेल्याचा अर्धा वाटा आधी बाजूला निघतो आणि वारसांचं एखाद्या वस्तूवर जमलं नाही तर लिसिटेशन, म्हणजे भावाभावांनी आपापसात बोली लावायची. हे कुठल्याही तयार पीपीटीत नसतं. आणि एक वारस फोंड्यात, एक लिस्बनला, एक इंग्लंडात, त्यांना नोटीस कशी जाणार हे मी नाही, बेलीफच वर्गाला सांगतो.

पण मला सांगायचं होतं ते तक्त्याचं.

१ जुलै २०२४ ला नवे तीन कायदे लागू झाले, गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी कामकाजाच्या सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम. वकिलांना पुस्तकं उघडायला वेळ तरी असतो, आमच्या क्लार्कला काउंटरवर माणूस उभा असताना कलम टाकायचं असतं. आणि ही कलमं साधी बदलली असती तरी चाललं असतं, पण जुने आकडे दुसरीकडे जाऊन बसलेत. सीआरपीसीचं ४८२ म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या डोक्यात हायकोर्टात केस रद्द करायचा अर्ज, आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. १४४ म्हटलं की जमावबंदी, ती गेली १६३ ला, आणि १४४ वर आली पोटगी, जी पूर्वी १२५ होती. वीस-पंचवीस वर्षं हाताला बसलेले आकडे! आयपीसीचं ४२० तर राहिलंच नाही, नव्या न्याय संहितेत कलमंच ३५८, फसवणूक ३१८ मध्ये. (शिवी मात्र ४२० च राहणार.)

तर मी तक्ता केला. डाव्या बाजूला जुनं, उजव्या बाजूला नवं, नेहमी लागणारी साठेक कलमं, एका लीगल साइज, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब कागदावर अगदी नीट बसवली. तीन रात्री घातल्या त्यात. तळाला एक ओळ, गुन्हा १ जुलै २०२४ आधी घडला असेल तर जुनंच कलम राहील. लोकांना तक्ता इतका आवडला की झेरॉक्सवर झेरॉक्स निघाली, टेबलांच्या काचेखाली गेला, एकाने तर लॅमिनेट करून घेतला. मी खूश. कुठल्याही कोर्टात गेले की आधी काचेखाली बघायचे.

चवथीच्या सुट्टीनंतर फोन आला. एका कोर्टात, कुठल्या ते राहू दे, एक यूडीसी, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, कामाला वाघ, त्यांनी पेंडिंग केसेस उघडून तक्त्यावर बोट ठेवून कलमं दुरुस्त करायला घेतली होती. २०२१, २०२२ च्या केसेस. ४२० काढलं, ३१८ (४) घातलं. दोन दिवसांत अकरा केसेस झाल्या आणि मग एका वकिलाने मोबाइलवर ई-कोर्ट्स ॲपमध्ये आपली केस बघितली आणि काउंटरवर येऊन विचारलं, माझ्या अशिलाचं कलम रातोरात बदललं कोणी?

मी गेले. त्यांच्या टेबलावरचा तक्ता बघितला, आणि पोटात गोळा आला. कोणीतरी लीगलची झेरॉक्स ए-फोरवर मारली होती आणि तळाची ओळच कापली गेली होती, अर्धी वेलांटी तेवढी दिसत होती काठावर. साठ कलमं शाबूत, आणि ज्या एका वाक्यावर सगळं उभं तेच गायब. झेरॉक्सवाल्याला काय बोलणार, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मीच तळाला ठेवलं होतं ना, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात.

ते यूडीसी बिचारे उठून उभे राहिले मला बघून. म्हणाले, "बाय, तुजो तक्तो पळोवनूच केलें हांवें." तुझा तक्ता बघूनच केलं मी. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. मग आम्ही दोघं बसून अकराच्या अकरा केसेस काढल्या, प्रत्येकाची मूळ चार्जशीट बघितली, टिपण लिहिलं, परवानगी घेतली आणि परत फिरवल्या, चार वाजले. मी साहेबांना सांगितलं की चूक माझ्या कागदाची आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एवढंच म्हणाले, मग कागद बदला.

बदलला. आता तक्ता ए-फोरवरच आहे, कलमं साठावरून पंचवीसवर आणली, आणि डोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच प्रश्न, गुन्हा कधीचा? त्याखाली, पेंडिंग केसला हात लावू नका. वर्गातही आता मी सुरुवातीचा अर्धा तास कलमं काढतच नाही, नुसत्या तारखा देते आणि जुनं की नवं ते विचारते. कंटाळतात, कंटाळू देत.

गेल्या वेळी तेच यूडीसी पहिल्या बाकावर येऊन बसले. तारखांचा खेळ चालू होता, सगळे पटापट सांगत होते, यांनी सावकाश हात वर केला. म्हणाले, मारामारी ३० जूनच्या रात्री साडेअकराला, आणि माणूस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, वारला ३ जुलैला. मग जुनं की नवं?

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बाब, मारणाऱ्याचं कृत्य ३० जूनचं, मला तरी जुनं वाटतं, पण तो वाद वकील घालतील आणि ठरवतील जजसाहेब, आपण चार्जशीटवर असेल तेच चढवायचं. ते म्हणाले, "तेंच म्हणटां हांव, तक्त्यांत पळोवंक जायना." म्हणजे हे तक्त्यात बघून होत नाही. आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, मॅडम चहा आला.