आमची वाटचाल: फुकट परतीच्या काळात हातशिलाईचे बूट

आमच्याकडचा प्रत्येक जोड आजही फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणला जातो आणि त्याचा तळ हातानेच शिवला जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरेचसे परत आलेल्या मालाबद्दल आहे, आणि माल खराब होता म्हणून परत आला असे कुणी समजू नये.

धंदा दोघांनी सुरू केला, मी आणि मामा. नात्याने ते माझे कुणी नाहीत. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात. पैसे मी घातले, फर्मे त्यांनी आणले. लाकडी, वापरून गुळगुळीत झालेले, काहींच्या चवड्यावर कातड्याचे तुकडे चिकटवून रुंदी वाढवलेली, प्रत्येकावर पेन्सिलने केलेल्या खुणा. या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको की खरा ऐवज फर्मा असतो. मशीन हप्त्यावर मिळते, कातडे उधारीवर मिळते, पण बसलेला फर्मा कुणी कुणाला उसना देत नाही. मामांची रापी, म्हणजे कातडे कापायची सुरी, दगडावर लावून लावून निम्मी झिजली आहे. कातड्याची कड पातळ करायची असली की ते तीच रापी घेतात, नव्या रापीला हात लावत नाहीत. नव्याने काम शिकणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे: आधी रापी लावायला शिका, शिलाई नंतर. बोथट रापीने काढलेली कड पुढे कितीही चांगली शिवली तरी एका वर्षात उसवते.

दुकान काढायचे नाही, थेट ऑनलाइन विकायचे, हे सुरुवातीलाच ठरले होते. पहिली वर्षे नीट गेली. ऑर्डरी येत, माल जाई, पगार वेळेवर होत. परत येणारा जोड क्वचित, आणि आला तर त्याबरोबर चिठ्ठी असे की कुठे चावतो, कुठे सैल पडतो. आम्ही दुरुस्त करून परत पाठवत होतो. कुरिअरचे भाडे कोणी द्यायचे यावरून कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही.

मग एक मोठा विक्रेता आमच्याच प्रकारात उतरला. रचना आमची, पुढच्या टाक्यांची दुहेरी ओळसुद्धा आमची, फक्त तळ चिकटवलेला आणि शिलाई वरवरची. त्याबद्दल मी एवढा चिडलो नसतो. नक्कल या धंद्यात होतेच. पण त्यांच्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायचे: आवडले नाही तर फुकट परत, कारण विचारणार नाही. महिन्याभरात आमच्याकडे येणारे प्रश्न बदलले. कातडे कुठले, तळ बदलून मिळतो का, हे विचारणारी माणसे आता एकच विचारू लागली: ‘ते फुकट परत घेतात, तुम्ही का नाही?’ वर काहीजण असेही म्हणत, ‘तुमचा मालावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न मला आजही बोचतो. ज्याचा तळ चिकटवलेला, त्याचा मालावर विश्वास. आणि आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवणाऱ्याचा नाही!

फुकट परतीची ही ऑनलाइन सवय रुजवण्यात बुटांच्याच धंद्याचा मोठा वाटा आहे, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. 1999 साली अमेरिकेत झॅपोस ही कंपनी बूट ऑनलाइन विकायला निघाली. पायात घालून बघितल्याशिवाय बूट कोण घेणार, ही तिच्यापुढची अडचण. तिने उत्तर काढले की जाण्याचे भाडे आमचे, येण्याचेही आमचे, आणि पुढे तर परतीची मुदत 365 दिवसांची केली. 2009 मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. झॅपोससाठी फुकट परत घेणे बरोबरच होते. स्वतःची गोदामे, हजारो प्रकारचा माल, कुरिअरशी घाऊक दराचे करार, आणि परत आलेला जोड लगेच पुढच्या ग्राहकाला लावायची सोय. तो खर्च जाहिरातीच्या खर्चासारखा किमतीत मुरवलेला होता. पण ग्राहकाला सवय लागली ती सगळ्यांकडून तशी अपेक्षा ठेवायची, आणि सात-आठ कारागिरांच्या कारखान्यालाही तीच फूटपट्टी लागली.

शेवटी आम्हीही अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या एका मोठ्या पोर्टलवर माल लावला. तिथे फुकट परत हा पर्याय नसतोच, ती अट असते. ज्यांनी पोर्टलवर विकले आहे त्यांना पुढचे समजावून सांगायला नको, तरी लिहितो. जोड ग्राहकाकडे पोहोचतो, पण पैसे परतीची मुदत संपेपर्यंत आपल्या हातात येत नाहीत. मुदतीत ग्राहकाने बटण दाबले की पिकअप होतो, आणि जातानाचे भाडे व येतानाचे भाडे दोन्ही आपल्या हिशेबातून कापले जातात. जोड कधी आठवड्याने येतो, कधी महिन्याने. तोवर त्या नंबरचा माल पानावर ‘उपलब्ध नाही’ दिसतो. खोके उघडावे तर बुटाच्या खोक्यावरच चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद, म्हणजे खोके वाया. कातड्याचा तळ रस्त्यावर एकदा चालला की त्यावर चरे येतात, आणि चवड्यापाशी वरच्या कातड्याला घडी पडते. ती घडी कुठल्याही पॉलिशने जात नाही. तो जोड नवा म्हणून विकता येत नाही, आणि विकूही नये.

हिशेब साधा आहे. एका जोडामागचा निव्वळ नफा एक धरा. दोन वेळचे भाडे, खोके, साफसफाई आणि पुढे कमी किमतीत काढावा लागल्याचा तोटा धरून एक परत आमच्या कामात दोन जोडांचा नफा खाते. दहातले तीन परत आले तर उरलेल्या सातांच्या कमाईतले सहा जातात, हातात राहतो एक. चार परत आले की दहाही जोड तोट्यात. आणि ‘दोन-तीन नंबर मागवा, बसेल तो ठेवा’ असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो, तिथे तीनातले दोन परत येणार हे मागवतानाच ठरलेले असते. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2024 साठी परतीचा अंदाज एकूण विक्रीच्या 16.9 टक्के दिला होता, आणि ऑनलाइन विक्रीत हे प्रमाण त्याहून जास्त असल्याचे म्हटले होते. बूट आणि कपडे यांत माप असते, म्हणून तिथे हा त्रास सर्वांत जास्त.

आमच्यावर वेळ आली ती सेलच्या हंगामानंतर. ऑर्डरी इतक्या आल्या की कातडे उधारीवर उचलले, बाहेरचे दोन कारागीर घेतले, रात्रीही काम चालले. पोर्टलच्या पॅनेलवर विक्रीचा आकडा आमच्या आजवरच्या धंद्यातला सगळ्यात मोठा होता. हंगाम संपला आणि माल परत येऊ लागला. शिवायच्या टेबलाखाली, जिन्यात, माझ्या खुर्चीमागे खोकीच खोकी. परतीचे प्रमाण वाढले म्हणून पोर्टलच्या यादीत आमचा माल खाली गेला. खाली गेला म्हणून नव्या ऑर्डरी आटल्या. एका खोक्यात तर आमच्या बुटांऐवजी दुसऱ्याच कुणाचे झिजलेले बूट आले. फोटो पाठवले, दावा केला. दावा फेटाळला, कारण दिले नाही. कातडेवाला पैसे मागत होता आणि त्याचे बरोबर होते. मी गाडी विकली. मामांनी मला न विचारता स्वतःचा पगार घेणे बंद केले. बाकी कुणाचाही पगार एकाही महिन्यात थकला नाही, हे मी अभिमानाने लिहितो. त्याच हंगामात आमच्या प्रतिस्पर्ध्याने ‘विक्रमी विक्री’ म्हणून जाहिरात केली. त्यांच्याकडे किती परत आले, हे त्या जाहिरातीत नव्हते.

त्या ढिगातून वाट काढली ती मामांनी. मी परत आलेला माल एकरकमी कुणाला तरी विकून मोकळा होणार होतो. ते म्हणाले, ‘थांबा मालक, आधी बूट काय म्हणतात ते बघू.’ मग रोज संध्याकाळी काम आटोपल्यावर ते एकेक जोड हातात घेत, आतल्या तळाचा ठसा बघत, घडी कुठे पडली ते बघत, आणि वहीत लिहीत. पोर्टलवर परतीचे कारण म्हणून बहुतेकांनी ‘लहान पडतो’ निवडलेले होते. पण ठसा सांगत होता की लांबी पुरेशी आहे, पाय चवड्याला आवळला गेला आहे. या माणसांनी एक नंबर मोठा मागवला की चवडा सुटायचा आणि टाच निसटायची. तो जोड पुन्हा परत, आता कारण ‘मोठा होतो’. एकाच पायासाठी दोन परती, आणि दोन्हीकडे दोष मात्र आमच्या नावावर.

नंबरांचा घोळ बुटाच्या धंद्यात जुना आहे. इंग्रजी नंबरात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण 8.5 मिलिमीटर. युरोपीय नंबरात तोच फरक सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे साधारण 6.7 मिलिमीटर. तक्त्यात 8 समोर 42 लिहिले तरी दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या पावलांनी चालतात, एके ठिकाणी जुळवल्या तर पुढे सुटतात. आणि हे फक्त लांबीचे झाले. रुंदीबद्दल तक्त्यात एक अक्षर नसते. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकी माणसाने 1920 च्या दशकात पाय मोजायचे धातूचे साधन बनवले. त्यावर लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचे अंतर अशी तीन मापे निघतात. तिसरे माप महत्त्वाचे, कारण बूट तिथेच वाकतो. शंभर वर्षांपूर्वी जे तीन मापांनी ठरत होते, ते आता एका आकड्यावर क्लिक करून ठरते, आणि चुकले की भुर्दंड शिवणाऱ्याला.

आम्ही प्रत्येक नंबरात दोन रुंद्या केल्या. मामांनी जवळजवळ सगळे फर्मे पुन्हा हातात घेतले. आणि ऑर्डरबरोबर पायाची रेघ, म्हणजे कागदावर पाय ठेवून त्याच्या कडेने काढलेली रेघ, मागवायला सुरुवात केली. इथे वाचकांनाही सांगतो, बूट कुठूनही घ्या पण पाय असा मोजा: संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभे राहून, दोन्ही पायांवर सारखे वजन टाकून. पेन्सिल सरळ उभी धरा, आत तिरकी घालू नका. रेघ दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, स्वतः वाकलात की वजन सरकते. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा.

हे शहाणपण आम्हाला नवे नव्हते, कारण आमच्या एक ग्राहक पहिल्यापासून असेच करतात. त्या पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. बारा-बारा तास उभ्याने काम, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा जवळजवळ एका नंबरने मोठा. तयार मालाच्या दुकानात त्यांनी काय करायचे? दोन जोड घ्यायचे आणि एकेक बूट टाकून द्यायचा. आमचा पहिला जोड त्यांना करंगळीपाशी लागला. मी फोनवर म्हणालो, ताई, पैसे परत करतो. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, पैसे नकोत, बूट बसवून द्या. आणि पाठवायचे भाडे मी भरते, पाय माझा वाकडा आहे.’ मामांनी त्यांच्या नावाचे दोन वेगळे फर्मे करून ठेवले. सिस्टर आता निवृत्त झाल्या, तरी तळ बदलायला जोड येतो, बरोबर नवी रेघ येते, आणि तिच्यावर कुठे दुखते तिथे फुली असते. वाईट हंगामात आम्ही कुणाला काही कळवले नव्हते. तरी त्यांनी दोन जोडांचे पैसे आगाऊ पाठवले आणि सांगितले की सवडीने करा.

परत घेऊच नये असे मी कधी म्हटलेले नाही. आमच्या व्यवसायातला मोठा दाखला अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीचे संस्थापक लिऑन बीन यांचा. 1912 च्या सुमारास त्यांनी रबरी तळ आणि कातडी वरचा भाग असे शिकारीचे बूट केले. पहिल्या 100 जोडांपैकी 90 शिवणीपाशी फाटून परत आले, आणि त्यांनी सगळ्यांचे पैसे दिले. दोष मालात होता, भार बनवणाऱ्याने उचलला. हा नियम मला शंभर टक्के मान्य. त्याच कंपनीने पुढे कितीही वर्षांनी परत घेण्याची प्रथा चालवली, आणि लोक गैरफायदा घेऊ लागल्यावर 2018 मध्ये एका वर्षाची मर्यादा घातली. झारासारख्या कपड्यांच्या साखळीने 2022 मध्ये ब्रिटनमध्ये ऑनलाइन परतीवर शुल्क लावले, दुकानात आणून दिले तर फुकट ठेवले. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशात ऑनलाइन खरेदी कारण न देता परत करायला 14 दिवस मिळतात. पण आधी नीट कळवले असेल तर परत पाठवण्याचे भाडे ग्राहकाने भरायचे, आणि ग्राहकाच्या मापाने बनवून घेतलेल्या वस्तूला हा हक्क लागू नाही. ग्राहकाचे हित बघणारा कायदासुद्धा मन बदलल्याच्या परतीचे भाडे बनवणाऱ्यावर टाकत नाही.

आमचा प्रतिस्पर्धीही आता परतीचे शुल्क घेतो. कधी सुरू केले ते त्यांनी कुठे जाहीर केले नाही. खरेदी पूर्ण करताना खाली छोट्या अक्षरांत दिसते. आमच्याशी ज्यांनी वाद घातले, त्यांपैकी काहीजण तिथे ते शुल्क मुकाट भरतात. तेव्हा आम्हाला जे ऐकावे लागले, त्याची भरपाई कुणी करणार नाही.

आमच्या स्वतःच्या पानावर नियम किमतीच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत आहेत. दोष आमचा असेल तर दोन्ही भाडी आमची. रेघ पाठवूनही बूट बसला नाही तर पुन्हा फर्म्यावर चढवून देऊ, तेव्हाही भाडे आमचे. मन बदलले तर भाडे ग्राहकाचे, आणि तळावर चरा नको. नव्या विक्रेत्यांना एवढे नक्की सांगतो: पाठवताना तळाचा फोटो काढा, आतल्या बाजूला न दिसणारा क्रमांक ठोका, बाहेरचे खोके वेगळे वापरा, आणि परत आलेला माल विकून टाकण्याआधी त्याचे कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पॅनेलवरचे कारण धरू नका.

पोर्टलवर आमचे थोडे नमुने अजून आहेत, तेवढेच जेवढे पूर्ण परत आले तरी पगार थांबणार नाहीत. तिथल्या लोकांकडे आम्ही लेखी मागणी केली आहे की परतीचे भाडे कोणी भरायचे हे विक्रेत्याला ठरवू द्या, आणि ‘बसला नाही’ व ‘आवडला नाही’ ही दोन कारणे वेगळी मोजा. उत्तर आलेले नाही. स्मरणपत्र पाठवले आहे, आणि सोबत मामांच्या वहीतली पानेही जोडली आहेत.