चेस नदीच्या पाण्यात एक सकाळ

आज मी लंडनजवळच्या लॅटिमर गावापाशी चेस नदीत गमबूट घालून उतरले होते. पायाने तीन मिनिटं तळ ढवळायचा, जाळीत येईल ते ट्रेमध्ये ओतायचं आणि किडे मोजायचे. पाणी स्वच्छ आहे की नाही, हे तेच सांगतात. मेफ्लाय नावाच्या नाजूक माशीच्या अळ्या, इवलेसे झिंगे, आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिस माशीची अळी! ती नळीतून डोकं काढून चालू लागली तेव्हा आम्ही सगळे ट्रेवर वाकलो.

चेशम ते रिकमन्सवर्थ, जेमतेम १८ किलोमीटरची नदी. पण खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या अशा नद्या जगात दोनशेच्या आसपास, त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. आणि तिच्यातच मुसळधार पावसात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडतात. फार संताप होतो.

नळांसाठी भूजल उपसून वरचा भाग २०१९ मध्ये कोरडा पडला होता. २०२० मध्ये चेशममधला उपसा थांबवला, हे मात्र खरंच चांगलं झालं.

लंडनकर मंडळी, मेट्रोपॉलिटन लाईनने चॅल्फंट अँड लॅटिमरला उतरून चालत येता येतं. पुढच्या मोजणीला कोण येतंय? गमबूट आणा, जाळी आहे.