ब्रेक अपडेट ३: बुडबुडे संपले पण पेडल मऊच

मागच्या वेळी लिहिलेलं की पुढच्या दोन्ही कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) किट बदलून झाली, आता ब्रेक ऑइलमधली हवा काढली की संपलं. कसलं काय. तीन रविवार गेले त्यात. पहिल्या दाबाला पेडल पार फ्लोअरजवळ, पटापट दोन-तीनदा मारलं की वर यायचं, पण ओला स्पंज दाबल्यासारखं.

पद्धत नेहमीचीच. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) सगळ्यात लांबचं चाक आधी, निपलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं आणि पेडलवर धाकटा भाऊ. मी "दाब" म्हणायचं, निपल पाव आटा सैल, परत टाइट, मगच "सोड". पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलेला, कारण जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जात नाही तिथे गंज बसलेला असतो, पेडल तळापर्यंत मारलं की रबर कप त्या गंजावर घासून फाटतो. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं ना, डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना निदान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येऊ शकतो, म्हणजे घाटात ब्रेक तापले की कल्याण.

तर चारी चाकांना बुडबुडे बंद, ऑइल स्वच्छ, पेडल तसंच! मास्टरवर संशय होता पण पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकत नव्हतं, म्हणजे आतून गळत नव्हता. मग पुढचे दोन्ही होज (कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) क्लॅम्पने हलकेच दाबून पुढची बाजू बंद केली (होज नवे आहेत म्हणून, तडे गेलेल्या जुन्या होजला हे करू नका) आणि पेडल एकदम वर, दगडासारखं टणक. म्हणजे मागचे ड्रम ठीक, भानगड पुढेच.

गाडीखाली आडवा होऊन बघत बसलो, दहा मिनिटं काही कळेना आणि मग दिसलं की निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला आहे, दोन्हीकडे. बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता, बोल्टची भोकं जुळतात त्यामुळे मुकाट बसले. हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसलेली आणि मी खालून स्वच्छ ऑइल काढतोय!

अदलाबदल केली, निपल वर आले, पहिल्याच दाबाला नळीत नुसता फेस. डावीकडे सहा-सात दाबांत साफ, उजवीकडे जरा जास्त लागले, कॅलिपरला लाकडी हातोडीने टकटक केल्यावर उरलेले बारीक बुडबुडे सुटले. पेडल आता एका दाबात वरच धरतं.

या गडबडीत मडगार्डवर थोडं ऑइल सांडलं ते लगेच पाण्याने धुवायचं राहिलं, तिथला रंग सुरकुतलाय. कॅलिपरवर मात्र आता पंचने 'डा' आणि 'उ' ठोकून ठेवलंय.