आमची वाटचाल : कॅम्परच्या दाराचे रबर आणि त्याला धरून ठेवणारे ॲडहेसिव्ह

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमची कार्यशाळा बस आणि मालवाहू गाड्यांच्या काचांना व दारांना रबर बसवण्याच्या कामातून उभी राहिली. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतरच्या काळात कॅम्पर ट्रेलरही, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची फिरती घरेही, आमच्या दारात येऊ लागले. वरवर पाहता काम तेच होते, परंतु बस रोज धावते आणि रोज कोणाच्या तरी नजरेखाली असते, तर कॅम्पर महिनोन्महिने उन्हात उभा राहतो आणि मग एकाएकी आंबोलीच्या पावसात नेला जातो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबर बोटभर सुटलेले असले तरी पाणी आतल्या प्लायवूडपर्यंत पोहोचते, आणि ओल धरून फुगलेले प्लायवूड पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून हे लहानसे काम आम्ही मोठ्या कामाइतक्याच गांभीर्याने करतो.

बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न ‘हे कशाने चिकटवायचे?’ असाच असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी रबर कोणते आहे आणि ते कोणत्या पृष्ठभागावर बसणार आहे, हे आम्ही ठरवतो, कारण एकाच काळ्या रंगाच्या पट्ट्या ईपीडीएम व नियोप्रीन ही कृत्रिम रबरे किंवा पीव्हीसी हे प्लास्टिक अशा तीन अगदी वेगळ्या पदार्थांच्या असू शकतात. शंका असेल तेव्हा तांब्याची तार ज्योतीत लाल करून पट्टीच्या टोकाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर पदार्थात क्लोरीन आहे, म्हणजे ती पट्टी नियोप्रीनची किंवा पीव्हीसीची असावी. त्यातही तापलेली सळई टेकवल्यावर पीव्हीसी वितळते, नियोप्रीन वितळत नाही. ही चाचणी उघड्या हवेत आणि अगदी लहान तुकड्यावरच करावी, कारण तिचा धूर घातक असतो.

नियोप्रीन असेल तर मार्ग सोपा असतो. क्लोरोप्रीनवर, म्हणजे नियोप्रीनच्याच मूळ घटकावर, आधारित चांगले कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह (दोन्ही पृष्ठभागांना लावून मग दाबायचे) त्याला आणि रंगवलेल्या पत्र्याला सारखेच धरते. पीव्हीसीच्या पट्टीतील मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मात्र हळूहळू ॲडहेसिव्हमध्ये उतरते आणि त्याला ढिले करते, म्हणून तिथे नायट्राइल रबरावर आधारलेले ॲडहेसिव्ह आम्ही पसंत करतो. खरी कसोटी ईपीडीएमची आहे. ऊन, ओझोन आणि पाणी सोसण्यात त्याची बरोबरी करणे कठीण, आणि म्हणूनच कॅम्परच्या दारांना बहुधा तेच असते. परंतु त्याच्या पृष्ठभागावर ॲडहेसिव्ह नीट पसरत नाही, आणि नव्या पट्टीवर साच्यातून आलेला मेणचट थर किंवा पावडरही असते. त्यामुळे आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसणे, मग बारीक पॉलिश पेपरने घासणे आणि पुन्हा पुसणे, हा क्रम आम्ही कधीही सोडत नाही. त्यानंतर वाहनांच्या रबरपट्ट्यांसाठीच बनवलेले आणि डब्यावर ईपीडीएमचा स्पष्ट उल्लेख असलेले ॲडहेसिव्ह वापरतो. पट्टीची बैठक सपाट असेल तर प्रायमर (पकड वाढवणारा आधीचा पातळ थर) लावून ॲक्रिलिक डबल टेप हा आमच्या मते अधिक स्वच्छ पर्याय आहे. मात्र अशा टेपची पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, आणि तोवर दार पाण्याने धुऊ नये.

कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मगच दाबायचे असते. पावसाळ्यात इथेच गोम असते. ॲडहेसिव्ह पातळ ठेवणारे द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि थर पांढुरका दिसू लागतो; तशा थरावर रबर दाबले तर ते काही दिवसांतच सोलून निघते. जुलैमध्ये आम्ही हे काम बंद खोलीत, हवा कोरडी करूनच घेतो आणि द्रावकाची वाफ बाहेर काढणारा पंखा सतत चालू ठेवतो, कारण ही वाफ ज्वालाग्राही असते.

सिलिकॉन लावून द्या, असा आग्रह अनेकदा होतो. आम्ही नम्रपणे नकार देतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते उघड्या धातूला गंजवू शकते. शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरे ॲडहेसिव्ह. पॉलियुरेथेन सीलंटची पकड उत्तम, पण पुढच्या वेळी रबर बदलताना ते खरवडताना पत्र्याचा रंग निघून येतो. दाराचे रबर कधी ना कधी बदलायचेच असते, म्हणून ते काढता येईल असेच चिकटवावे, असे माझे ठाम मत आहे. सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, आम्ही केवळ पट्टीची दोन टोके एकमेकांना जोडण्यापुरते वापरतो, कारण त्याचा कडक थर लांब पट्टीच्या हालचालीत तडकतो.

ही हालचाल कमी नसते. दोन मीटर ॲल्युमिनियमची चौकट तापमानात 40 अंशांचा फरक पडला की सुमारे 1.8 मिलिमीटर लांबते किंवा आखडते, आणि विदर्भातल्या उन्हात उभ्या पत्र्याला एवढा फरक सहज सोसावा लागतो. म्हणूनच रबर बसवताना आम्ही ते कधी ताणत नाही. ताणलेले रबर पुन्हा आखडू पाहते आणि ॲडहेसिव्ह कितीही चांगले असले तरी कोपरे उचलले जातात. पट्टी किंचित लांब कापून टोके एकमेकांवर दाबून बसवतो, जोड दाराच्या खालच्या बाजूला घेतो आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत ना, हे शेवटी तपासतो.

आता प्रत्येक कॅम्परच्या कामाच्या कागदावर रबराचा प्रकार, वापरलेले ॲडहेसिव्ह, प्रायमर आणि बसवल्याची तारीख लिहून त्याची प्रत आम्ही मालकाला देतो. पुढचे काम तो कोल्हापुरात करून घेवो की पणजीत, तिथल्या कारागिराला आधीचा थर कोणता आहे आणि तो कोणत्या द्रावकाने निघेल, हे त्यावरून कळते.