खान्देशातून टपालानं काड्या पाठवताना

पाकीट उघडल्यावर लावायला मागवलेली झाडाची काडी मेलेली दिसली की घेणारा एकच म्हणतो, "वाटेत सुकली." पण आधी काडी हातात घेऊन नीट पाहावी. सुकलेली काडी हलकी लागते, तिच्या सालीला सुरकुत्या पडतात आणि वाकवली की ती कडकन मोडते. कुजलेली काडी काळपट, बुळबुळीत असते. तिची साल बोटानं सरकते आणि पिशवीतून आंबूस वास येतो. जळगाव-भुसावळकडून निघालेल्या पाकिटात बहुधा हा दुसरा प्रकार सापडतो. पाठवणाऱ्यानं ऊन मोठं म्हणून काळजीनं फडकं भरपूर भिजवलेलं असतं, आणि तेच काडीच्या जिवावर उठतं.

झाडावरून तोडली तरी काडी श्वास घेत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. बंद पिशवीत २५ अंशांना चार दिवस सहज टिकणारी काडी ४५ अंशांच्या टपालगाडीत त्याच चार दिवसांत साठवलेलं अन्न चौपट वेगानं संपवते आणि पिशवीतला प्राणवायूही. त्यात सालीवर पाण्याचा थर असेल तर हवा आत शिरत नाही, उलट बुरशीला आणि जिवाणूंना हवी तशी जागा मिळते. म्हणून बांधणीचं सगळं काम दोन गोष्टींवर येतं: ओल जेमतेम ठेवायची आणि उष्णता टाळायची. उष्णता टाळण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे योग्य हंगाम निवडणं.

मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत खान्देशातून पानाची, कोवळी काडी पाठवूच नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी-बहिणी मोगरा, जास्वंद, बोगनवेल मागतात. त्यांना काडी हाती द्यावी, टपालानं पाठवायची असेल तर जुलैपर्यंत थांबायला सांगावं. जेल पॅक किंवा बर्फाची पिशवी घालण्याचा सल्ला बरेच जण देतात, आम्ही तो देत नाही. काही तासांत बर्फ वितळतो, त्याच्या गारव्यानं आतल्या बाजूला दव धरतं आणि पुढचे तीन दिवस काडी त्या ओल्यात उकडते.

अंजीर, तुती, द्राक्ष यांच्या पक्क्या, पानं झडलेल्या काड्यांसाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. काडी झोपेत असते, हवा थंड असते, एक-दोन दिवसांचा उशीरही पचतो. मोगरा, जास्वंद, बोगनवेल, अडुळसा यांच्यासाठी जुलै ते सप्टेंबर. शेवग्याच्या काडीचा हट्ट धरू नये. ती मनगटाएवढी जाड आणि हाताएवढी लांब लागते, टपालात तिला सोय नाही.

आता काडी तोडण्याबद्दल. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्यावं आणि सकाळी ऊन चढायच्या आत तोडावं, तेव्हा काडी पाण्यानं भरलेली असते. दुपारी तोडलेली काडी मुळातच तहानलेली असते आणि ती तहान नंतर ओल्या कागदानं भागत नाही. पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांब, चार-पाच डोळ्यांची (जिथून अंकुर फुटतो त्या गाठींची) काडी घ्यावी. लावायला १५ सेंटिमीटर पुरते, पण घेणारा खालचं टोक थोडं छाटून ताजं करणार आहे, त्यासाठी जास्तीची लांबी हवी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या एक सेंटिमीटर वर आणि तिरपा. काही जण उलटं करतात, त्यानं झाडाला फरक पडत नाही. पण आपली खूण कोणती ते चिठ्ठीवर लिहावंच. अंजिराची किंवा तुतीची बिनपानाची काडी उलटी लावली गेली की ती सहसा मुळं धरत नाही, आणि घेणाऱ्याला कारणही कळत नाही.

सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना सॅनिटायझरनं पुसावीत. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड डोळ्याच्या खाचेत बसतात, म्हणून काड्या साबणाच्या पातळ पाण्यात जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासून साध्या पाण्यातून काढाव्यात. नंतर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम किंवा अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवाव्यात, हातमोजे घालून. मग सावलीत वर्तमानपत्रावर पसरून सालीवरचं पाणी पूर्ण उडेपर्यंत थांबावं. इथेच लोक घाई करतात. बोट फिरवल्यावर ओलावा लागला तर काडी अजून बांधायची नाही.

डाळिंबाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. तेल्या हा जिवाणूचा रोग पडलेल्या बागेतली काडी वरून निरोगी दिसली तरी रोग घेऊन जाते आणि बुरशीनाशकात बुडवल्यानं जिवाणू मरत नाही. रावेर-यावलच्या केळीचे कंद कुणी कितीही मागितले तरी टपालानं पाठवू नयेत. हरण्या रोगाचा विषाणू कंदातून जातो, सोंडकिडाही जातो. ज्याला केळी लावायची आहे त्यानं तपासलेलं टिश्यू कल्चर रोप घ्यावं.

पानांचं म्हणाल तर बिनपानाची काडी सगळ्यात सोपी. मोगरा, जास्वंद यांची शेंड्याकडची दोन पानं ठेवून बाकी काढावीत आणि ठेवलेली पानंही अर्धी कापावीत. फुलं आणि कळ्या एकही ठेवू नये. डोळा भरण्यासाठी (म्हणजे तो दुसऱ्या झाडावर बसवून कलम करण्यासाठी) गुलाबाची किंवा लिंबाची काडी पाठवत असाल तर पान तोडून देठ अर्धा-एक सेंटिमीटर राहू द्यावा. तो डोळ्याला आडोसा होतो आणि कलम करणाऱ्याला धरायला मूठ मिळते.

आता खरी कसोटी, कागद भिजवण्याची. दहा काड्यांना वर्तमानपत्राचं एक मोठं दुहेरी पान पुरतं. ते पाण्यात बुडवायचं, गोळा करून दोन्ही हातांनी पिळायचं, उलगडून पुन्हा पिळायचं. तिसऱ्यांदा पिळल्यावर एक थेंबही पडू नये. हात ओला व्हावा, पण पाणी निथळू नये. हा कागद पक्क्या काड्यांभोवती गुंडाळायचा. सगळ्या काड्यांचे बुडखे एकाच बाजूला ठेवायचे आणि जुडी सुती चिंधीनं सैल बांधायची. रबर उष्णतेनं सालीला चिकटतो आणि घट्ट असेल तर साल कापतो. कोवळ्या, पानांच्या काड्यांना मात्र संपूर्ण गुंडाळू नये. त्यांच्या फक्त खालच्या पाच सेंटिमीटरला पिळलेलं मॉस (शेवाळ) किंवा टिश्यू पेपर लावून त्यावर प्लॅस्टिकची पट्टी बांधावी. वरची पानं कोरडी राहू द्यावीत, ओलं पान प्रवासात काळं पडतं.

मग जुडी झिपच्या पिशवीत. पक्क्या काड्यांच्या पिशवीतून बरीचशी हवा दाबून काढावी. पानाच्या काड्यांच्या पिशवीत हवा राहू द्यावी आणि वरच्या भागात सुईनं पाच-सहा भोकं पाडावीत. पिशवी बंद करून तासभर घरातच सावलीत ठेवायची आणि मग पाहायची. आतून धुकं धरलं असेल तर ओल बरोबर आहे. थेंब होऊन ओघळत असतील तर कागद काढून पुन्हा पिळायचा. हा एक तास कधीही वाचवू नये.

कागदाऐवजी दुसरं काही वापरू नये. गोणपाट खूप पाणी धरतं आणि पाकिटात आंबतं. माती जड होते, खोक्यातून झिरपते आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) सोबत नेते. केळीचं ताजं सोपट (खोडाची साल) आमच्याकडे हाताशी असतं, फुलांच्या पुड्यांना ते छानच. पण बंद खोक्यात दोन दिवसांत त्याचाच लगदा होतो. खोक्यात पिकलेली केळी किंवा दुसरं कुठलं फळ भेट म्हणून टाकू नये. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं पानं, डोळे गळतात.

काही झाडांना ओल अजिबातच नको. चाफा, अडेनियम, ड्रॅगनफ्रूट, निवडुंग यांचे तुकडे सावलीत पाच-सात दिवस ठेवून काप पूर्ण सुकू द्यावेत. चाफ्याचा चीक आधी पाण्यानं धुऊन काढावा. मग प्रत्येक तुकडा कोरड्या वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळावा, प्लॅस्टिक लावूच नये. गुळवेलही अशीच कोरडी जाते, ती फारच चिवट. अंजीर आणि द्राक्षाच्या काडीचं वरचं टोक मेणात बुडवलं तर ओल टिकते. मेणबत्तीचं मेण वाटीत गरम पाण्यावर वितळवावं आणि टोक एक सेंटिमीटर क्षणभरच बुडवून काढावं. धूर निघणारं मेण डोळा भाजतं. खालच्या टोकाला मेण लावू नये.

चिठ्ठी शाईच्या किंवा जेल पेननं लिहू नये, ओलीनं शाई पसरते. दह्याच्या डब्याची पांढरी पट्टी कापून तिच्यावर पेन्सिलीनं झाडाचं नाव, जात, तोडल्याची तारीख आणि वरच्या टोकाची खूण लिहावी. एक पट्टी जुडीत, एक पिशवीवर.

बाहेरच्या वेष्टनासाठी तीन थरांचा पातळ पुठ्ठा पुरत नाही. टपालाच्या थैलीत वर दुसरी पार्सलं पडली की तो चेपतो आणि पहिला डोळा तिथेच मोडतो. पाच थरांचा खोका घ्यावा. शेतात ठिबकच्या सबमेनचा (उपमुख्य नळीचा) ६३ एमएम पीव्हीसी पाइप उरलेला असतोच. त्याचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंना एंड कॅप आणि अंगाला चार बारीक भोकं, एवढ्यावर काम होतं. यापेक्षा मजबूत आवरण आम्हाला माहीत नाही. कॅप सोल्युशननं चिकटवू नये, टेपनं बसवाव्यात, म्हणजे उघडताना करवत लागत नाही. वजनाकडे मात्र लक्ष असावं. स्पीड पोस्टचे टप्पे ५०, २५० आणि ५०० ग्रॅमचे आहेत. दहा पक्क्या काड्या साधारण १०० ग्रॅम, ओला कागद आणि पिशवी ४०-५० ग्रॅम आणि पाइपचा तुकडा दीडशेच्या आसपास. म्हणजे पाइप वापरला की पाकीट २५० च्या पुढे जातं. खोका हलका असेल तर ते २५० मध्ये बसू शकतं. घरच्या काट्यावर तोलूनच निघावं. आत काहीही हलता कामा नये. रिकाम्या जागेत चुरगाळलेला कोरडा कागद भरून खोका कानाजवळ हलवून पाहावा. पावसाळ्यात खोक्याच्या बाहेरून प्लॅस्टिकचं वेष्टन घालावं, नाहीतर पुठ्ठा भिजून फाटतो.

पाकीट सोमवारी किंवा मंगळवारी टाकावं, म्हणजे मध्ये रविवार येत नाही. पोळा, गणपती, दिवाळीच्या आठवड्यात तर पाठवूच नये. पेटीत न टाकता काउंटरवर द्यावं आणि दुपारची थैली किती वाजता निघते ते विचारून त्याआधी पोहोचावं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच सामील झाली आहे, त्यामुळे आता विचार करायचा तो कुरिअर की स्पीड पोस्ट एवढाच. तालुक्याच्या ठिकाणाबाहेरच्या खेड्यांना आम्ही स्पीड पोस्टच सुचवतो, कारण कुरिअर बऱ्याचदा शहरातच थांबतं आणि घेणाऱ्याला तिथवर जावं लागतं. पाकिटावर "जिवंत काड्या, उन्हात ठेवू नये" असं मराठीत आणि हिंदीत लिहावं. परदेशात पाठवायचा विचार सोडून द्यावा. त्या देशाची आयात परवानगी आणि आपल्याकडचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र नसेल तर पाकीट तिथे नष्ट केलं जातं.

आंब्याच्या काडीचं थोडं वेगळं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या गावरान आंब्यांचा आमचूर होतो, त्यातल्या एखाद्या चांगल्या झाडाची काडी कलमासाठी हवी असते. अशी काडी तीन ते सहा महिन्यांची, शेंड्याचा डोळा बंद असलेली निवडावी. तिची पानं झाडावरच, तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी कापून देठ तेवढे ठेवावेत. देठ आपोआप गळू लागले आणि डोळा फुगला की काडी तयार झाली. ती पिळलेल्या कागदात तीन-चार दिवस चांगली राहते, त्यापुढे भरवसा नाही. म्हणून कलम करणारा माणूस आधी ठरवावा, मग काडी तोडावी.

घेणाऱ्याला आधीच फोन करून सांगावं की पाकीट आलं की सावलीत लगेच उघडायचं. खालचं टोक एक सेंटिमीटर छाटून पक्क्या काड्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या, कोवळ्या दोन तास पुरे. कोरड्या पाठवलेल्या चाफ्याला, निवडुंगाला पाणी दाखवायचं नाही. लगेच लावणं जमत नसेल तर अंजीर, द्राक्ष फ्रिजच्या खालच्या कप्प्यात फळांपासून दूर ठेवता येतं. मोगरा आणि चाफा फ्रिजमध्ये ठेवू नये, त्यांना तो गारवा सोसत नाही. अंजीर बऱ्याचदा मुळं फुटायच्या आधी पानं काढतं, म्हणून पानं दिसली की काडी उपसून पाहू नये. शंका आली तर नखानं साल अगदी थोडी खरवडावी. खाली हिरवं दिसलं तर काडी जिवंत आहे, आणखी तीन-चार आठवडे सावलीत राहू द्यावी.